काजव्यांना उजेड दाखवणाऱ्या कॅप्टनसाहेबांस

राजमान्य राजेश्री कॅप्टनसाहेब,
तंबू डावीकडून पहिला, पांढऱ्या गाडीला लागून, भंडारदरा जलाशयाचा काठ, यांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. बरोबरची मंडळी रात्रभर तुम्हाला 'कॅप्टन, ए कॅप्टन' अशा हाका मारत होती आणि त्या हाका जलाशयाच्या पलीकडच्या काठापर्यंत नीट पोचत होत्या, म्हणून तेच नाव धरून चालतो. मी तुमच्या शेजारच्या तंबूतला. आपली भेट झाली आहे. साडेअकराच्या सुमाराला आवाज जरा कमी करता का, असं विचारायला मी आलो, तेव्हा तुम्ही माझ्या हातात तंदुरी चिकनचा तुकडा ठेवून म्हणालात, "काका, एन्जॉय करा." मी शाकाहारी आहे, पण तो मुद्दा गौण. भाव महत्त्वाचा.

हे तक्रारीचं पत्र नाही. तक्रारीला ऐकणारं कुणीतरी लागतं, आणि त्या रात्री तुमच्या स्पीकरपुढे कुणाचंच काही कुणाला ऐकू येत नव्हतं. शहरी माणसानं जंगलात कसं राहावं याचं तुम्ही जे प्रात्यक्षिक दिलंत, त्याची कुठंतरी नोंद राहावी एवढ्यासाठी हा खटाटोप.

सुरुवात उजेडापासून करू, कारण तुम्हीही तिथूनच केलीत. मे संपत आला की अकोले तालुक्याच्या डांगाणात, म्हणजे उडदावणे, पांजरे, मुरशेत, घाटघर, रतनवाडी या गावांच्या आसपास, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे दिसू लागतात. पाऊस नीट बसेपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्यांचे. एखादं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं, आणि शेजारचं झाड त्याला तशीच दाद देतं. मुंबई-पुणे-नाशिकची माणसं एवढा घाट चढून येतात ती यासाठी. म्हणजे खरं पाहता ती येतात अंधारासाठी, कारण तो शहरात पैसे मोजूनही मिळत नाही.

तुम्ही मात्र या गैरसोयीचा आधीच बंदोबस्त करून आला होतात. गाडीच्या टपावर पांढऱ्या दिव्यांची पट्टी, तंबूंना लुकलुकत्या माळा, प्रत्येकाच्या कपाळावर हेडलॅम्प. बांधावरच्या सादड्यावर काजव्यांची पहिली लाट उठली, तेव्हा ती नीट दिसावी म्हणून तुम्ही गाडीचा हायबीम थेट त्या झाडावर सोडलात. सूर्यापुढे काजवा ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. काजव्यापुढे सूर्य नेऊन ठेवणारे तुम्ही पहिलेच.

शेताचे मालक, ज्यांना आपण सगळे बाबा म्हणत होतो, धावत आले. "दादा, लाइट बंद करा, बावरतात ते." त्यावर तुम्ही विचारलंत, "बाबा, किड्यांना काय कळतं?" बाबा गप्प बसले, कारण तुम्ही गिऱ्हाईक होतात आणि हंगाम दोन-तीन आठवड्यांचाच असतो. प्रश्न मात्र चांगला होता, म्हणून त्याचं उत्तर आता देतो.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या जातीतला कीटक. आयुष्याचा मोठा भाग तो अळीच्या रूपात जमिनीत, ओलसर पाल्यापाचोळ्यात काढतो आणि गोगलगायी खाऊन वाढतो. पंख फुटून तो आपल्यापुढे येतो तो अगदी शेवटच्या काही आठवड्यांपुरता. त्या काळात तो फारसं खातही नाही. त्याला एकच काम उरलेलं असतं, जोडीदार शोधण्याचं. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीनं ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि जवळजवळ उष्णता नसलेला थंड उजेड पडतो. नर ठरावीक लयीत लुकलुकतो. अनेक जातींत मादी गवतात किंवा झुडपावर बसून ती लय पारखते आणि पसंत पडली तर आपल्या उजेडानं उत्तर देते. प्रत्येक जातीची लय वेगळी. हे सगळं बोलणं अंधारात, नजरेच्या भाषेत चालतं. भोवती उजेड वाढला की नराची खूण मादीला दिसत नाही, मादीचं उत्तर नराला दिसत नाही, आणि दोघांचेही मोजके दिवस तसेच संपतात. तुमचा हायबीम म्हणजे ऐन मंगलाष्टकांत मांडवात ट्रक घुसवण्यासारखा प्रकार होता. किड्यांना काय कळतं, तर एवढं कळतं.

सादडा विझला. तुम्हीच मोठ्यानं म्हणालात, "अरे, बंद का पडले हे?" आणि मग मोबाइलच्या फ्लॅशनं त्या काळ्याठिक्कर झाडाचे फोटो काढलेत. नंतर तुमचा एक मित्र दुसऱ्याला सांगत होता की फसवणूक झाली, इन्स्टाग्रामवर तर हजारो दिसतात. त्याला एवढं सांगा की तो फोटो एका क्षणाचा नसतो. कॅमेरा तिवईवर ठेवून, पडदा बराच वेळ उघडा ठेवून, कितीतरी चित्रं काढतात आणि त्यांचे थर एकावर एक चढवतात. अर्ध्या रात्रीचे काजवे एका चौकटीत कोंबलेले असतात. त्यासाठी फोटोवाला तासन् तास काळोखात न हलता बसतो. हे काम तुमच्या मंडळीतल्या कुणाला झेपलं असतं असं वाटत नाही. पाच मिनिटं दिवा न लावता बसायचं म्हटल्यावरच दोघं घाबरले होते.

आता आवाजाकडे वळू. तुमचा स्पीकर मी आधी सामानाची बॅग समजलो होतो, कारण त्याला चाकं आणि ओढायचा दांडा होता. मग त्याच्या पोटात जांभळे-हिरवे दिवे फिरू लागले. चार्जिंग संपलं तेव्हा तुम्ही बाबांच्या घरातल्या एकुलत्या एक प्लगवरून वायर ओढून घेतलीत आणि त्यांचा पंखा बंद झाला. उकाडा मेअखेरीचा होता. तुम्ही मला समजावलंत तेही आठवतं, "काका, जंगलातली शांतता अंगावर येते हो."

तशी ती शांतता नसतेच. त्या वेळी तिथं रातवा बोलत असतो, एका सुरात टकटक केल्यासारखा. पिंगळा भांडत असतो. एखादं भेकर लांबवर भुंकलं तर बाबा हातातलं काम थांबवून ऐकतात, कारण बिबट्या कुठून चाललाय हे ते त्यावरून ओळखतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालचं, साडेतीनशे चौरस किलोमीटरांहून मोठं. त्यात राज्यातलं सर्वांत उंच, १६४६ मीटरचं शिखर आहे, रतनगड आहे, सांदण दरी आहे. एवढ्या मुलखानं मिळून केलेला आवाज एका चाकवाल्या पेटीनं दाबून टाकला, हे तंत्रज्ञानाचं यशच म्हणायचं. कायद्याची एक क्षुल्लक अडचण सांगून ठेवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि हे नियम घाटाच्या पायथ्याशी संपत नाहीत. तुम्ही तो रात्री पावणेदोनपर्यंत लावलात. पुढे तो का थांबला ते सांगतोच.

त्याआधी शेकोटी. तंबू म्हटला की कॅम्पफायर हवा, हे तुमचं तत्त्व. बाबांच्या घरच्या मावशींनी पावसाळ्यासाठी वळचणीला रचून ठेवलेलं सरपण तुम्ही आधी मागितलंत. त्यांनी नाही म्हटल्यावर (पावसाळ्याचे चार महिने चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न त्यांना पडला असावा) तुम्ही गाडीतून नवीकोरी कुऱ्हाड काढलीत. तिच्यावरचं किमतीचं लेबलही निघालं नव्हतं. तुमच्यापैकी तिघं टॉर्च घेऊन वरच्या अंगाला गेले आणि हिरड्याची एक हिरवीगार फांदी ओढत खाली आले.

ओलं लाकूड पेटेना. मग कागद झाले, थर्माकोलच्या पत्रावळी झाल्या, शेवटी बाटलीतलं पेट्रोल झालं. जाळ कमी आणि धूर जास्त. वारा माझ्या तंबूकडे होता, ही माझी गैरसोय सोडून देऊ. पण त्या फांदीबद्दल बोलायला हवं. हिरड्याची कोवळी फळं झाडावरून काढून वाळवली की त्याचा बाळहिरडा होतो. औषधवाले तो घेतात. अकोले, जुन्नर, आंबेगाव या डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळी घरांना पावसाआधी जी थोडी रोकड हाताला लागते, तिच्यात या बाळहिरड्याचा वाटा मोठा. बियाणं त्यातून येतं, पोराच्या वह्या त्यातून येतात. कोणतं झाड कोण वेचणार, हे वाडीत ठरलेलं असतं. तुम्ही तोडलेली फांदी कुणाच्या वाट्याच्या झाडाची, हे बाबांना अंधारातही कळलं होतं. ते बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन काहीतरी बोलणं त्यांनाच भाग होतं.

इथंही कायदा आडवा येतो, काय करणार. बाबांचं शेत मालकीचं, पण फांदी जिथून आली तो उतार अभयारण्याचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याचं कलम २९ अभयारण्यातून परवानगीवाचून वनोपज काढायला मनाई करतं, आणि कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवायला किंवा पेटती सोडून जायला. तुम्ही झोपायला गेलात तेव्हा जाळ होताच. चारी बाजूंना मेअखेरीचं वाळलेलं गवत उभं होतं आणि निखारे वाऱ्यावर उडत होते. बाबा दोन कळश्या घेऊन तिथं बसून राहिले.

त्या दोन कळश्यांतल्या पाण्याची हकिगत तुम्हाला रंजक वाटेल. मावशींच्या अंगणात जे निळे ड्रम होते आणि ज्यांतून तुमच्या मंडळीनं आधी पाय, मग ताटं, मग चिकन धुतलं, ते पाणी नळाचं नव्हतं. मे महिन्यात इथल्या वाड्यांच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. बायका पहाटे उठून डोक्यावरून पाणी आणतात. समोर एवढं मोठं धरण दिसतंय, मग टंचाई कसली, असं तुम्ही विचारलंत. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. हे भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. ते साधारण ११ टीएमसी पाणी अडवतं ते खालच्या शेतीसाठी. प्रवरेच्या कालव्यांवर खाली ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. वरच्या वाड्यांनी जमिनी दिल्या आणि त्या पाणी बघत बसल्या. घाटघरला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. तिथं पाऊस धो धो पडतो आणि तसाच घाट उतरून जातो. हे शंभर वर्षांचं दुखणं आहे आणि ते तुम्ही निर्माण केलेलं नाही. तुम्ही त्यातले फक्त तीन ड्रम संपवलेत.

सकाळी उरलेली ताटं, उरलेल्या बादल्या आणि उरलेला साबण घेऊन तुम्ही थेट जलाशयात उतरलात. ही प्रवरा. रतनगडाच्या अंगाखांद्यावरून निघते, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या पायाशी येते, धरणात थांबते, मग रंध्याला उडी घेऊन संगमनेरकडे जाते आणि पुढं प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. तिच्याच काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तुमच्या मसाल्याचा तवंग नेवाशापर्यंत पोचणार नाही याची खात्री बाळगा, धरणाची भिंत मध्ये आहे. तो इथंच राहील, ज्या काठावर बाबांची गुरं पाणी पितात तिथं. तंबू आणि धुणीभांडी पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब ठेवावीत, हा जगभरच्या पदभ्रमण करणाऱ्यांचा साधा रिवाज आहे. परसाकडे जायचं तर तेवढ्याच अंतरावर, वीतभर खोल खड्डा करून, माती ओढून. काठावरच्या करवंदीच्या जाळीत तुम्ही पांढऱ्या ओल्या टिश्यूंची जी फुलं फुलवलीत, ती पुढच्या हंगामातही ताजी राहतील. त्यांत प्लास्टिकचे धागे असतात.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही, तो दिसतच होता. राज्यात थर्माकोलच्या ताटांवर २०१८पासून बंदी आहे. ती तुम्हाला मिळाली कुठं, हे दुकानदाराला विचारण्यासारखं आहे. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. रिकाम्या बाटल्या खडकावर नेम धरून फोडायची तुमची जी स्पर्धा झाली, ती कोरड्या पडलेल्या जलाशयाच्या पोटात झाली. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की तिथं गुरं चरतात. ती डांगी गुरं, याच मुलखातली, मुसळधार पावसात चिखलात काम करणारी, काळ्या टणक खुरांसाठी नावाजलेली. घाटमाथ्याचा कातळ त्यांना काही करत नाही. बिअरच्या बाटलीची काच खुराच्या बेचक्यात शिरते. आठवडाभर एक बैल तीन पायांवर उभा राहतो आणि पेरणी तोंडावर आलेली असते.

आता मी राखून ठेवलेला प्रसंग. संध्याकाळी तंबू ठोकताना बाबा तुम्हाला म्हणाले होते, "तिथं नको दादा, तो ओहोळ हाये." तुम्ही पाहिलंत, ओहोळात पाणी नव्हतं. वाळू होती, सपाट, मऊ, बिनखड्याची. बाबांनी दाखवलेली जागा उताराची आणि ढेकळांची. तुम्ही हसून म्हणालात, "बाबा, हा तंबू वॉटरप्रूफ आहे." ते खरं असावं. तंबूच्या आत शिरलेलं पाणी सकाळपर्यंत बाहेर आलं नाही.

पावणेदोनला वळीव आला. हे त्याचे दिवसच. दुपारभर रतनगडाच्या मागं ढग चढत होते आणि हवा कोंडली होती. आधी वारा सुटला आणि तुमच्या लुकलुकत्या माळा काजव्यांना शोधायला निघून गेल्या. मग थेंब, मग गारा. ओहोळाला वरच्या सगळ्या उताराचं पाणी मिळायला जेमतेम दहा मिनिटं लागली. तुमचे तिन्ही तंबू खुंट्यांसकट उचलले गेले आणि काठच्या घाणेरीत अडकले म्हणून बरं. स्पीकर तरंगत नाही, हेही त्या रात्री कळलं.

यानंतरचं तुम्हाला आठवत असेलच, तरी सांगतो. बाबांनी आणि त्यांच्या पोरांनी तुम्हा सगळ्यांना हात धरून वर आणलं. पडवीत गोधड्या टाकल्या. मावशींनी पहाटे तीनला चूल पेटवली, वळचणीच्या त्याच सरपणावर, आणि सगळ्यांना गुळाचा कोरा चहा दिला. तुमच्यातल्या एकानं विचारलं, "दूध नाही का?" मावशींनी नाही म्हटलं, तेही ओशाळून. जणू दूध नसणं ही त्यांची चूक होती.

आणि मग शहरात पोचल्यावर तुम्ही या जागेला एक तारा दिलात. मी वाचलं ते. "काजवे फारच कमी. बेसिक सोयी नाहीत. पाण्याचा तुटवडा. पावसाची पूर्वसूचना दिली नाही." मराठी गद्यात इतकं नेमकं लिहिणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. चारही वाक्यांचा कर्ता एकच आहे, फक्त तो अध्याहृत ठेवलाय.

इथं मला तुमची थोरवी खरोखर मान्य करावी लागते. तुम्ही करता आणि भरतात दुसरे, हे तुम्ही फार मोठ्या प्रमाणावर साधलं आहे. वनखात्यानं गेल्या काही वर्षांत काजव्यांच्या दिवसांत अभयारण्यातल्या रात्रीच्या वावराला वेळेची बंधनं घातली. योग्यच केलं. पण त्या बंधनाचा फटका कुणाला? तुम्ही गाडी वळवून पवनेच्या काठी जाल, तिथून आणखी कुठं. बाबांना शेत उचलून नेता येत नाही. वर्षातल्या ज्या पंधरा-वीस रात्री तंबूचं भाडं आणि नागलीच्या भाकरीचे पैसे मिळतात, त्या आखडतात. तुम्ही फोटो दाखवत होतात त्या हिमालयातल्या मुक्कामांचीही गोष्ट हीच. कौडियाला ते हृषीकेश हा गंगेचा काठ तंबूंनी भरला. २०१५च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं तिथली शिबिरं थांबवली. २०१८च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या त्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. कुरणं वाचायला हवी होती, यात वाद नाही. घोडेवाले, भारवाहू, स्वयंपाकी बसले घरी. कुरण ज्यांनी खराब केलं, ते पुढच्या सुट्टीत दुसऱ्या राज्यात गेले. तुमच्यावर कुठलीच बंदी लागू होत नाही, कारण तुमचा कुठं पत्ताच नसतो.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. तुम्हाला जे हवं होतं, म्हणजे मोठा आवाज, रंगीत दिवे, तंदुरी, सपाट जमीन आणि वाहतं पाणी, ते सगळं शहराबाहेरच्या कुठल्याही लॉनवर मिळतं. तिथं गालिच्याचं हिरवं गवत असतं, हवं तर तंबूही लावून देतात आणि सकाळी झाडून घ्यायला माणसं असतात. भाडं थोडं जास्त पडेल. पण तिथं बाबा नसतील, त्यामुळे नाही म्हणणारंही कुणी नसेल.

कळावे, लोभ असू द्यावा, पण लांबून.

आपला,
शेजारच्या तंबूतला काका

ता. क. चहा पिताना तुम्ही पुढच्या बेताबद्दल बोलत होतात, कोलाडला कुंडलिकेच्या अगदी पात्राशी तंबू ठोकायचा. तेव्हा हे वाचून जा. तिथलं राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. रात्री घोट्याएवढी दिसणारी नदी सकाळी तशी राहत नाही, आणि त्यासाठी आभाळात ढग असावा लागत नाही. हिमाचलात ८ जून २०१४ला बियास नदीच्या पात्रात खडकांवर उभे राहून फोटो काढणारे हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पाणी येतंय हे त्यांना वेळेत कळलंच नाही. तुम्हाला कुणी काठावरून ओरडून सांगितलं, कुठं भोंगा वाजला, तर तो ऐकू यायला हवा. नवा स्पीकर घेतला असेल तर तो निदान पहाटेपासून बंद ठेवा. आणि स्थानिक माणूस म्हणाला की तिथं नको, तर तिथं नको.